उली होनेसची साडेतीन वर्षं: टॅक्स बुडवणाऱ्याला जेल किती आणि कुणाला

13 मार्च 2014 ला म्युनिकच्या कोर्टात जज रूपर्ट हाइंडल यांनी बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबचा तेव्हाचा अध्यक्ष उली होनेस याला साडेतीन वर्षांची जेल सुनावली. गुन्हा टॅक्सचोरीचा, एकदा नाही तर सात वेळा केलेला, आणि रक्कम 2 कोटी 85 लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले 240 कोटींच्या आसपास. निकाल लागल्यावर जर्मनीत दोन तट पडले. एकांचं म्हणणं एवढे पैसे बुडवले आणि फक्त साडेतीन वर्षं? दुसऱ्यांचं म्हणणं माणूस स्वतःहून कबूल झालाय, सगळा टॅक्स व्याजासकट भरतोय, मग त्याला आत टाकून कुणाचं भलं होणार? टॅक्सचोरीला जेल हवी की नको हा वाद आपल्याकडे नेहमी हवेतच चालतो, इथे मात्र तारखा, आकडे, बचाव, कारणं सगळं उघड्या कोर्टात आलंय म्हणून ही केस नीट वाचण्यासारखी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, शिक्षा कडक नव्हती, सौम्यच होती, आणि खरी गडबड वर्षं किती मिळाली यात नसून कायद्याने काही लोकांसाठी एक दार उघडं ठेवलंय त्यात आहे.

होनेस कोण हे फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. उल्म गावच्या खाटकाचा मुलगा, 1974 चा वर्ल्डकप जिंकलेल्या पश्चिम जर्मनीच्या टीममध्ये होता, गुडघ्याने दगा दिल्यावर 27 व्या वर्षीच बायर्न म्युनिकचा मॅनेजर झाला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याने तो क्लब युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एक केला. शिवाय स्वतःची सॉसेजची फॅक्टरी. अडचणीत आलेल्या जुन्या खेळाडूंना हात देणारा, दानधर्म करणारा आणि टीव्हीवर बसून लोकांना सचोटीचे धडे देणारा माणूस. म्हणूनच ही बातमी आली तेव्हा लोकांना ती घरातल्याच कुणाची असल्यासारखी लागली, चॅन्सेलर मर्केलबाईंच्या प्रवक्त्यालाही त्यावर बोलावं लागलं.

आता पैसा आला कुठून. झ्युरिकच्या फोन्टोबेल बँकेत त्याचं खातं होतं, आणि अडिडासचे तेव्हाचे प्रमुख रॉबर्ट लुई-ड्रेफस यांनी त्याला 2 कोटी मार्क (युरोच्या आधीचं जर्मन चलन) उपलब्ध करून दिले होते, काही रोख आणि बाकी बँकेला गॅरंटी म्हणून. त्यावर होनेसने परकीय चलनात आणि डेरिव्हेटिव्हमध्ये, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर लावलेल्या सौद्यांमध्ये, ट्रेडिंग सुरू केलं, आणि ते इतकं वाढलं की त्याच्याच सांगण्यानुसार ते व्यसन झालं होतं, दिवसरात्र भाव बघायचे. काही वर्षं प्रचंड नफा, मग प्रचंड तोटा. नफ्याच्या वर्षांत जर्मनीत टॅक्स लागत होता आणि तो त्याने रिटर्नमध्ये दाखवलाच नाही.

इथे त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की शेवटी हातात काही उरलंच नव्हतं, सगळं परत गेलं, मग टॅक्स कसला. ज्याने एकदा तरी रिटर्न भरलंय त्याला याचं उत्तर माहीत आहे. टॅक्स वर्षाचा असतो. यंदा नफा झाला तर यंदा भरायचा, पुढच्या वर्षी बुडालात तर तो तोटा नियमाप्रमाणे दाखवायचा, पण त्यासाठी दोन्ही वर्षं खात्याला दिसायला पाहिजेत ना. आणि दरवर्षी तो फॉर्म समोर येतो, दरवर्षी त्याच्यावर सही करावी लागते. सात गुन्हे म्हणजे सात वेळा हातात पेन घेऊन खोटं कागदावर उतरवणं, आणि दोन सह्यांच्या मध्ये थांबायला आख्खं वर्ष मिळालेलं. रागाच्या भरात कुणी एक थप्पड मारली तर ती क्षणाची चूक म्हणता येईल, याला कसं म्हणणार?

आता ते दार. जर्मन कायद्यात टॅक्सचोरीपुरती एक सोय आहे, स्वतःहून खात्याला कळवा, सगळं खरं आणि पूर्ण सांगा, टॅक्स आणि व्याज भरा, शिक्षाच नाही. कमी शिक्षा असं नव्हे, अजिबात शिक्षा नाही. मुख्य अटी दोन, चोरी पकडली जाण्याच्या आधी सांगायचं आणि काही मागे ठेवायचं नाही. पूर्वी लोक तुकड्यातुकड्याने सांगायचे, जे पकडलं जाईल असं वाटतंय तेवढंच, 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने ते बंद केलं आणि 2011 मध्ये कायद्यातच लिहिलं गेलं की सगळं सांगा नाहीतर माफी विसरा.

होनेसला हे दार माहीत होतं, पण त्याला त्याहून सोपं दार हवं होतं. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यात एक करार होऊ घातला होता, त्यात स्विस बँकेनेच खात्यातून एकरकमी टॅक्स कापून जर्मनीला द्यायचा आणि खातेदाराचं नाव गुप्तच राहायचं. त्याने नंतर सांगितलं की तो याचीच वाट बघत होता. 2012 च्या शेवटी जर्मन संसदेच्या वरच्या सभागृहाने तो करार अडवला. जानेवारी 2013 मध्ये श्टेर्न साप्ताहिकाचा एक पत्रकार फोन्टोबेलमध्ये फोन करून एका बड्या फुटबॉलवाल्याच्या खात्याबद्दल विचारायला लागला, बँकेकडून होनेसला निरोप गेला, आणि मग एका रात्रीत सल्लागारांना बसवून घाईघाईत कबुलीजबाब तयार झाला आणि 17 जानेवारीला टॅक्स ऑफिसात पोचला. त्यात बँकेची नीट कागदपत्रं नव्हती, वर्षावर्षाचे धड आकडे नव्हते. म्हणजे अधिकाऱ्याने तो वाचून टॅक्स काढायला बसावं तर काढताच येणार नाही असा कागद.

मार्चमध्ये त्याच्या घरावर छापा पडला, अटक वॉरंट निघालं आणि 50 लाख युरो जामीन भरून तो बाहेर राहिला. क्लबने त्याला पदावरून हलवलं नाही, त्याने बाजूला व्हायची तयारी दाखवली होती तरी सुपरवायझरी बोर्डाने, म्हणजे क्लबवर देखरेख करणाऱ्या मंडळाने, मे 2013 मध्ये राहा म्हणून सांगितलं, आणि त्या बोर्डावर फोक्सवॅगन, आउडी, अडिडास अशा कंपन्यांचे सर्वोच्च अधिकारी बसलेले. त्यांच्या स्वतःच्या कंपनीतल्या एखाद्या कॅशियरने काही हजार युरो इकडचे तिकडे केले असते तर तो संध्याकाळपर्यंत गेटच्या बाहेर असता, हे मला या सगळ्या प्रकरणात फार टोचतं.

खटला चार दिवसच चालला, पण त्या चार दिवसांत काय झालं ते सावकाश वाचा. आरोपपत्रात आकडा होता 35 लाख युरो. पहिल्याच दिवशी, 10 मार्चला, होनेसने स्वतः उभं राहून सांगितलं की तेवढेच नाहीत, अजून दीड कोटी आहेत, म्हणजे 1 कोटी 85 लाख. कोर्टात बसलेल्यांना धक्का. दुसऱ्या दिवशी टॅक्स खात्याची तपास अधिकारी साक्षीला आली आणि तिने सांगितलं की बचाव पक्षाने फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे खटल्याच्या अगदी तोंडावर, पेनड्राइव्हवर जो हजारो पानांचा डेटा दिला तो जेवढा तपासून झालाय त्यावरून आकडा 2 कोटी 72 लाखांवर जातोय, आणि तोही होनेसच्या बाजूने सगळं गृहीत धरून काढलेला. तिसऱ्या दिवशी वकिलांनी तो आकडा मान्य केला. टॅक्सवर लागणारा अधिभार धरून 2 कोटी 85 लाख.

आता बघा, ज्याला कायद्याची माफी पाहिजे होती त्याने जानेवारी 2013 मध्ये सगळं पूर्ण सांगायचं होतं, आणि खरा आकडा बाहेर यायला मार्च 2014 उजाडलं, तोही सरकारी अधिकाऱ्याने बसून काढला तेव्हा. मग जज माफी देणार तरी कशी? हाइंडल यांनी निकाल देताना सांगितलं की तो कबुलीजबाब अपुरा होता, आणि हेही सांगितलं की आपण पकडले जाऊ या भीतीने त्याला त्या काळात ग्रासलं होतं. तरीही तो कबुलीजबाब फुकट गेला नाही हे इथे लक्षात घ्यायला हवं, माफी नाही मिळाली पण शिक्षा कमी करताना कोर्टाने तो धरला, कोर्टातली कबुलीही धरली, आधीचा एकही गुन्हा नव्हता हेही धरलं. सरकारी वकिलांनी साडेपाच वर्षं मागितली होती, बचाव पक्षाने जास्तीत जास्त सस्पेंडेड, म्हणजे जेलमध्ये जावंच लागू नये अशी. कायद्यात वरची मर्यादा दहा वर्षांची. आलं साडेतीनवर.

साडेतीन हे कमी की जास्त ते एकट्याने कळत नाही, शेजारी दुसऱ्या केसेस ठेवाव्या लागतात. टेनिसपटू स्टेफी ग्राफच्या वडिलांना, पीटर ग्राफना, 1997 मध्ये मुलीच्या कमाईवरचा साधारण 1 कोटी 23 लाख मार्कांचा टॅक्स चुकवल्याबद्दल तीन वर्षं नऊ महिने झाले होते, आणि ती रक्कम युरोत धरली तर होनेसच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरते. दुसरी केस क्लाउस त्सुमविंकेल, जर्मन पोस्टचा प्रमुख. त्याचे पैसे लिश्टेनश्टाइन या छोट्या देशातल्या एलजीटी बँकेत होते, तिथल्या एका माजी कर्मचाऱ्याने चोरलेला डेटा जर्मन गुप्तचर खात्याने विकत घेतला आणि फेब्रुवारी 2008 मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्याच्या घरावर छापा पडला. त्यानंतर डिसेंबर 2008 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने एक रेषा आखून दिली की दहा लाख युरोंच्या वर चोरी असेल तर अगदी खास कारण असल्याशिवाय सस्पेंडेड शिक्षा द्यायची नाही, आत पाठवायचंच. आणि त्सुमविंकेलच्या केसमध्ये झालं काय, तर छाप्याचं वॉरंट काही तासांनी उशिरा निघालं म्हणून एका वर्षाची चोरी मुदतबाह्य ठरली, उरलेली रक्कम भरली 9 लाख 67 हजार, रेषेच्या जरासं खाली, आणि जानेवारी 2009 मध्ये त्याला दोन वर्षं सस्पेंडेड आणि दहा लाख युरो दंड. एक दिवसही आत नाही.

त्सुमविंकेलशी तुलना केली की होनेसवर अन्याय झाला असं वाटू शकतं. मला उलटं वाटतं. दहा लाखांच्या रेषेच्या अठ्ठावीस पट वर असलेल्या माणसाला साडेतीन वर्षं म्हणजे त्या रेषेला अर्थ राहील एवढीच किमान शिक्षा. रेषा आखायची आणि माणूस मोठा निघाला की मागे सरायचं असं झालं असतं तर पुढच्या प्रत्येक वकिलाने हाच निकाल पुढे केला असता.

आणि तो नेहमीचा प्रश्न, पैसे भरले ना, मग जेल कशाला? पहिली गोष्ट, पकडल्यावर भरलेला टॅक्स हा आधीपासूनच देणं असतो, तो शिक्षा नाहीच. व्याज हे उशिराचं भाडं. या दोन्ही गोष्टी भरून माणूस तिथेच येतो जिथे प्रामाणिक पगारदार पहिल्या दिवसापासून उभा आहे, ज्याचा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. मग चोरी करणाऱ्याचं नेमकं गेलं काय? दंड म्हणाल तर ज्याच्याकडे कोट्यवधी आहेत त्याच्यासाठी दंड हा धंद्यातला एक खर्च, पकडले जाण्याची शक्यता किती आणि पकडलं तर किती द्यावं लागेल याचा गुणाकार करून तो आधीच हिशोबात धरता येतो. वेळ मात्र कुणालाच जास्त मिळालेला नसतो. श्रीमंताला आणि गरिबाला सारखी लागेल अशी शिक्षा शोधायला गेलं तर जेलशिवाय फारसं काही हाती लागत नाही, म्हणून मोठ्या रकमेच्या टॅक्सचोरीला जेल असलीच पाहिजे या मताचा मी आहे.

होनेसने कोर्टात एक गोष्ट सांगितली होती, आपण आजवर 5 कोटी युरो टॅक्स भरलाय, 50 लाख दान दिलेत, आपण समाजाच्या जिवावर फुकट खाणारे नाही. ते खरंही असेल. पण नेमक्या याच वाक्यावर मला थांबावंसं वाटतं, कारण ज्यांना जर्मनीत फुकट खाणारे म्हणतात ते बेकार भत्त्यावर जगणारे लोक. त्यातल्या कुणी महिन्याला चारशे युरोंचं काम लपवलं आणि भत्ता पूर्ण घेतला तर तो फसवणुकीचा गुन्हा. नंतर पश्चात्ताप झाला, स्वतः ऑफिसात जाऊन सांगितलं, सगळे पैसे परत केले, तरी गुन्हा पुसला जात नाही, फार तर शिक्षा कमी होते. टॅक्सचोरीला आहे तसं माफीचं दार त्या गुन्ह्याला नाहीच. दोघांनीही सरकारी तिजोरीलाच फसवलं, एकाने द्यायचे ते दिले नाहीत आणि दुसऱ्याने घ्यायचे नव्हते ते घेतले, आणि कायदा ज्याच्याकडे जास्त आहे त्यालाच सांगतो की ये, भर आणि जा. त्याहून वाईट गत तिकिटाशिवाय ट्रेनमध्ये बसलेल्या लोकांची. जर्मनीत विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे, कोर्ट दंड करतं, दंड भरता आला नाही की त्याच्या बदल्यात जेल, आणि असे लोक तिथल्या जेलमध्ये खरोखर बसलेले असतात.

सरकार म्हणतं हे दार नसेल तर लपवलेला पैसा कधीच परत येणार नाही, आणि त्यात तथ्य आहे. होनेसची बातमी फुटल्यावर हजारो लोकांनी घाबरून स्वतःहून खात्याकडे धाव घेतली आणि तिजोरीत पैसा आला. पण मग तोच न्याय भत्त्यावाल्याला का नाही याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणाकडून मिळालेलं नाही. 1 जानेवारी 2015 पासून जर्मनीने दार थोडं अरुंद केलं, 25 हजार युरोंच्या वर चोरी असेल तर वर 10 टक्के, 1 लाखाच्या वर 15 आणि 10 लाखांच्या वर 20 टक्के जादा भरा, आणि दहा वर्षांचा हिशोब द्या. म्हणजे दार महाग झालं, पण आहे.

होनेसचं पुढे काय झालं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने अपील करणार नाही म्हणून जाहीर केलं, सगळी पदं सोडली, ही माझ्या आयुष्यातली चूक होती असं म्हणाला. अपील केलं असतं तर निदान काही महिने बाहेर काढता आले असते, ते त्याने केलं नाही याचं श्रेय मी त्याला देतो. 2 जून 2014 ला लांड्सबर्गच्या जेलमध्ये गेला. जानेवारी 2015 पासून दिवसा बाहेर कामाला जायची परवानगी मिळाली, काम बायर्नच्याच ज्युनियर विभागात, रात्री परत जेलमध्ये. 29 फेब्रुवारी 2016 ला सुटला, बरोब्बर अर्धी शिक्षा भोगून, 21 महिने. अर्ध्या शिक्षेवर सोडायची तरतूद तिथे सगळ्यांसाठी आहे, पण दोन वर्षांच्या वरच्या शिक्षेला त्यासाठी काहीतरी खास कारण लागतं, साधारण रिवाज दोन तृतीयांश भोगल्यावर सोडायचा. त्यातलेही बंद जेलमधले महिने सातच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सभासदांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्याला परत अध्यक्ष निवडून दिलं. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हा उभं राहू द्यावं हे मला मान्य आहे, मनापासून. पण 2017 मध्ये फाडुझमध्ये, म्हणजे लिश्टेनश्टाइनच्या राजधानीत, एका कार्यक्रमात तो म्हणाला की स्वतःहून कबूल करूनही जेलमध्ये गेलेला जर्मनीतला मी एकटाच, मी निर्दोष सुटायला हवा होतो. हे वाचून वाईट वाटलं. कारण तो जेलमध्ये कबूल केल्यामुळे गेला नाही, अर्धवट कबूल केल्यामुळे गेला, आणि हे त्याला साध्या भाषेत समजावणारा निकाल त्याच्या हातात होता.

आपल्याशी या सगळ्याचा थेट धागा आहे. त्सुमविंकेल ज्या एलजीटी बँकेच्या डेटात सापडला त्यातच काही भारतीय खातेदारही होते, जर्मनीने ती नावं 2009 मध्ये भारत सरकारला दिली, सरकारने करारातल्या गुप्ततेचं कारण सांगून ती धरून ठेवली, राम जेठमलानींच्या याचिकेवर जुलै 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला चांगलंच सुनावलं, आणि नावं कोर्टापुढे आली ती एप्रिल 2014 मध्ये, होनेसच्या निकालानंतर दीडेक महिन्याने. एकाच डेटावरून तिकडे 2009 च्या जानेवारीत निकाल लागला होता.

कायदा आपल्याकडे कागदावर मुळीच नरम नाही. 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम 276सी मध्ये 25 लाखांच्या वर जाणूनबुजून टॅक्स चुकवला तर सहा महिने ते सात वर्षं सक्तमजुरी होती. परदेशातल्या काळ्या पैशासाठी 2015 चा वेगळा कायदा, तीन ते दहा वर्षं. आणि दारंही आहेतच, 2015 मध्ये तीन महिन्यांची खिडकी उघडली होती, 30 टक्के टॅक्स आणि तेवढाच दंड भरा आणि मोकळे व्हा, 644 जणांनी मिळून 4,164 कोटी जाहीर केले. शिवाय इन्कम टॅक्सच्या केसमध्ये कंपाउंडिंग, म्हणजे खात्याशी पैसे भरून तडजोड, ती खटला सुरू व्हायच्या आधी करता येते आणि नंतरही करता येते. दुसऱ्या बाजूला पगारातून कापलेला टीडीएस वेळेत न भरणाऱ्या छोट्या कारखानदारालाही 1961 च्याच कायद्यात किमान तीन महिने ते सात वर्षांची तरतूद होती, आणि तिथे अशी परिस्थिती की बिल अडकलंय म्हणून मालकाने कामगारांचे पगार आधी केले आणि टीडीएसचा भरणा दोन महिने मागे पडला. 2019 मध्ये खात्याने 25 लाखांखालच्या आणि साठ दिवसांच्या आतल्या अशा केसेस साधारणपणे कोर्टात न्यायच्या नाहीत असं सर्क्युलर काढलं, म्हणजे तोवर काय चालत होतं ते समजून घ्या.

होनेसच्या केसमध्ये निदान रक्कम, तारखा आणि जजची कारणं सगळ्यांना वाचायला मिळाली. आपल्याकडे कंपाउंडिंग ऑफिसातल्या टेबलावर होतं. मला वाटतं नावं झाकली तरी चालतील, पण किती चुकवला, किती भरून सुटला आणि कोणत्या कारणाने सोडला एवढं तरी प्रत्येक ऑर्डरचं जाहीर झालं पाहिजे, आणि ज्या रकमेच्या वर तडजोड होणारच नाही अशी एक रेषा कायद्यातच लिहिली पाहिजे.